रस्ता खोदावा की वाहिनी आतून सांधावी? जुन्या मलवाहिनीसाठी पद्धत निवडताना

नगरपरिषदेच्या मलनिःसारण विभागात, किंवा एखाद्या मोठ्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत, जुनी भूमिगत वाहिनी वारंवार तुंबू लागली की टेबलावर दोन प्रकारची कोटेशने येतात. एकात रस्ता खोदून जुनी नळी काढून नवी टाकण्याचा दर असतो, तर दुसऱ्यात रस्त्याला फारसा हात न लावता वाहिनी आतूनच सांधण्याचा किंवा बदलण्याचा प्रस्ताव असतो. दुसऱ्या कोटेशनातला प्रतिमीटर दर वाचून बहुतेक बैठका तिथेच आटोपतात. काही ठिकाणी उलटेही घडते: ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द दिसताच महाग पद्धत मंजूर होते आणि ती त्या गल्लीला लागू पडते का, हे कोणी विचारत नाही. या दोन्ही चुका टाळू इच्छिणाऱ्या निर्णयकर्त्यासाठी, म्हणजे कनिष्ठ अभियंता, मुख्याधिकारी, नगरसेवक किंवा सोसायटीचा सचिव यांच्यासाठी, हा आढावा आहे.

तुलना हवेत राहू नये म्हणून एक नेहमीचा नमुना समोर ठेवू. मध्यम आकाराच्या शहरातला १०० मीटर लांबीचा तुकडा, जमिनीखाली २ मीटरवर ३०० मिलिमीटर व्यासाची सिमेंट काँक्रीटची जुनी मलवाहिनी, वर डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी मिळून २० घरजोडण्या आणि दर ३० मीटरच्या आसपास एक मॅनहोल. पुढची सगळी आकडेमोड याच तुकड्यावर केलेली असून ती ढोबळ आहे. तिचा उपयोग प्रमाण लक्षात येण्यापुरताच करावा.

चर खोदून नवी नळी

एक मीटर रुंद आणि दोन मीटर खोल चर १०० मीटर खणला की २०० घनमीटर माती निघते. त्या चरात जी नळी जाणार तिने व्यापलेली जागा जेमतेम ८ घनमीटरांची असते. आठ घनमीटरांच्या वस्तूसाठी दोनशे घनमीटर जमीन उकरायची, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे आणि बाकीचे दोष त्यातूनच येतात. खोदलेली माती फुगून साधारण सव्वापट होते, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या २५ फेऱ्या होतात. जमीन मुरमाड असेल तर तीच माती चरात परत घालता येते. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भरावासाठी कुचकामी ठरते, म्हणून ती बाहेर नेऊन टाकावी लागते आणि तितकाच मुरूम बाहेरून आणावा लागतो, म्हणजे फेऱ्या दुप्पट. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या गावांचा हिशेब कोकणातल्या जांभ्याच्या गावांपेक्षा इथेच वेगळा होतो. पश्चिम महाराष्ट्रात दोन मीटरच्या आत काळा कातळ लागला तर ब्रेकर लावावा लागतो, आणि मग वेळ व पैसा यांचा कोणताच अंदाज टिकत नाही.

असे असूनही या पद्धतीचे गुण कमी लेखू नयेत. चर उघडा असतो तेव्हा सगळे डोळ्यांसमोर असते. चुकलेला उतार दुरुस्त करता येतो, व्यास वाढवता येतो, वीसच्या वीस घरजोडण्या नव्याने नीट जोडता येतात आणि हे काम करणारे गवंडी, ठेकेदार व यंत्रे तालुक्याच्या गावातही मिळतात. वाहिनीला मधेच पोट आले असेल, म्हणजे एखादा भाग खचून तिथे पाणी आणि गाळ कायम साठत असेल, तर खोदण्यावाचून गत्यंतर नसते, कारण आतून लावलेले कोणतेही अस्तर त्या खचलेल्या उतारावरच बसते.

खोदकामाची खरी परीक्षा चर भरताना होते. शास्त्र असे की नळीखाली आणि बाजूंना बारीक, एकसारख्या सामग्रीचा थर द्यावा, वरचा भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत घालावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस किंवा यांत्रिक रॅमर चालवावा आणि मगच पुढचा थर घ्यावा. संध्याकाळी सहाला रस्ता मोकळा करायचा असतो तेव्हा मात्र जेसीबी चरात माती एकदम लोटतो, बकेटने वरून दोन-चार वेळा थापटतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर खडी पडते. पहिल्या दोन पावसांत तो पट्टा खचतो, डांबर फाटते, पाणी आत मुरते आणि शेजारचा चांगला रस्ताही त्याच्यामागे जातो. तेव्हा खोदकामाच्या दरात नळीइतकाच रस्त्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च धरायला हवा, आणि तो कुठल्याही कोटेशनात नसतो.

ही पद्धत अधिक शाश्वत करण्याचा एक मार्ग आपल्याकडे सहज उपलब्ध आहे आणि तरीही क्वचित वापरला जातो. राखेच्या मिश्रणाचा प्रवाही भराव म्हणजे औष्णिक केंद्रातली उडती राख, थोडे सिमेंट, वाळू आणि पाणी यांचे पातळ मिश्रण. ते चरात ओतले की स्वतःच कोपऱ्याकोपऱ्यांत बसते, त्याला धुम्मस लागत नाही, आणि त्याची मजबुती दोन मेगापास्कलच्या आत ठेवली तर पुढे कधी खोदावे लागल्यास ते सहज उकरता येते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी किंवा नाशिकजवळच्या एकलहरे येथील केंद्रांपासून जवळ असलेल्या शहरांनी निदान वर्दळीच्या चौकांपुरता तरी हा पर्याय निविदेत घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नदीची वाळू वाचते हा त्यातला आणखी एक लाभ.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र तडजोडीचा नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे आणि त्यानुसार खोल चराच्या भिंतींना आधार देणे बंधनकारक ठरते. ओल्या काळ्या मातीतला दोन मीटरचा उभा चर कसलीही सूचना न देता ढासळतो. आधाराच्या फळ्यांचा आणि पाणी उपसण्याचा खर्च ज्या कोटेशनात नाही ते स्वस्त वाटते. त्या स्वस्ताईचा धोका चरात उतरणारा मजूर पत्करत असतो.

आतून अस्तर: जागेवर घट्ट होणारी नळी

विनाखोदाई पद्धतींमध्ये मलवाहिनीसाठी सर्वांत जास्त रुळलेली पद्धत ही आहे. १९७१ मध्ये एरिक वूड या अभियंत्याने लंडनच्या हॅकनी भागातल्या एका जुन्या विटांच्या गटारात ती प्रथम वापरली. फेल्ट किंवा काचतंतूंच्या कापडाची, वाहिनीच्या मापाची एक लांब पिशवी रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवतात. ती मॅनहोलमधून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने मोजा उलटा करावा तशी आत उलटत नेतात, म्हणजे रेझिनची ओली बाजू जुन्या नळीच्या भिंतीला चिकटते. नंतर गरम पाणी, वाफ किंवा अतिनील दिवे यांनी रेझिन घट्ट करतात. शेवटी एक छोटे यंत्र आत पाठवून प्रत्येक घरजोडणीचे तोंड आतूनच कापून मोकळे केले जाते. जुन्या नळीच्या आत सांध्याविना नवी नळी तयार होते आणि रस्त्यावर मॅनहोलच्या झाकणांशिवाय काहीही उघडावे लागत नाही.

या कामाच्या साइटवर उभे राहिल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो बर्फ. भिजवलेली पिशवी कारखान्यातून निघते तेव्हापासून रेझिन घट्ट होण्याची घाई करत असते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ट्रकमधल्या ताडपत्रीखाली बर्फाच्या लाद्या रचल्याशिवाय तिला साइटपर्यंत धड पोहोचवता येत नाही. वाहतूक अडली, मॅनहोलमध्ये अनपेक्षित पाणी आले आणि चार तास वाया गेले, की ती पिशवी अर्धवट घट्ट झालेली निघते आणि वाहिनीत अडकली तर तिला कापून काढण्यासाठी शेवटी खोदावेच लागते. सराव नसलेल्या ठेकेदाराच्या हाती ही पद्धत देऊ नये, असे जे म्हणतात त्याचे कारण हे आहे.

व्यास कमी होईल, मग पाणी कसे मावेल, ही शंका प्रत्येक बैठकीत येते. आपल्या नमुन्यातल्या ३०० मिलिमीटरच्या नळीला ६ मिलिमीटर जाडीचे अस्तर दिले तर आतला व्यास २८८ होतो आणि केवळ व्यासाच्या हिशेबाने वहनक्षमता सुमारे १० टक्क्यांनी घटते. पण जुन्या, झिजलेल्या काँक्रीटच्या मानाने अस्तराचा पृष्ठभाग पुष्कळ गुळगुळीत असतो. वहनक्षमता काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात जुन्या नळीचा खडबडीतपणाचा गुणांक ०.०१५ आणि अस्तराचा ०.०११ धरला तर वहनक्षमता मूळच्या तुलनेत २० टक्क्यांच्या आसपास वाढते. याच्या शेजारी दुसरा पर्याय ठेवून पाहा: जुन्या नळीत आतून २५० मिलिमीटरची तयार नळी सरकवायची आणि मधली पोकळी सिमेंटच्या घोलाने भरायची. यात नळी नवी, कारखान्यात तपासलेली आणि काम सोपे. पण गुळगुळीतपणाचा पूर्ण लाभ धरूनही क्षमता मूळच्या ८५ टक्क्यांच्या आसपासच पोहोचते. वाहिनी अर्धीच भरून वाहत असेल तर तेवढे पुरते; वस्ती वाढत असेल तर पुरत नाही.

अस्तराची गरज कुठे सर्वाधिक असते हे आपल्या हवामानात लवकर कळते. मलपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू नळीच्या माथ्याशी साचतो, तिथल्या ओलाव्यातले जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल काँक्रीटचा माथा खाऊन टाकते. तळ शाबूत आणि माथा गळलेला, आतली सळई उघडी पडलेली, असे चित्र उष्ण प्रदेशातल्या मंद उताराच्या वाहिन्यांत वारंवार दिसते. अशा नळीला सिमेंटचा गिलावा फार काळ टिकत नाही, पण रेझिनच्या अस्तराला हे आम्ल सहसा बाधत नाही. माणूस आत जाऊ शकेल एवढ्या मोठ्या विटांच्या गटारांसाठी काचतंतू-प्लास्टिकच्या तयार पाट्यांचे अस्तर वापरतात. कोलकात्यातली एकोणिसाव्या शतकातली विटांची गटारे याच पद्धतीने सावरली गेली.

पर्यावरणाच्या बाजूने या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो लपवू नये. स्वस्त पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन हे उग्र वासाचे, सहज उडून जाणारे रसायन असते. वाफेने घट्ट करताना ते हवेत जाते, गरम पाण्याने केल्यास त्या पाण्यात उतरते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा कामांच्या वाफेत काय काय असते ते मोजून दाखवले, आणि ती निव्वळ पाण्याची वाफ नसते हे त्यातून पुढे आले. आपल्याकडे तर घरजोडण्यांना पाण्याचा सापळा नसणे ही सर्रास गोष्ट आहे, म्हणजे तो वास थेट न्हाणीघरात येणार. यावर उपाय आहेत: स्टायरिनविरहित व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी रेझिन, आणि वाफेऐवजी अतिनील दिव्यांनी घट्ट करणे, ज्यात ऊर्जाही कमी लागते. दर वाढतो. वस्तीत काम असेल तर तो वाढीव दर द्यावा.

निविदेत काय मागावे, हे थोडक्यात. जाडीचा हिशेब एएसटीएम एफ १२१६ या अमेरिकी मानकानुसार आणि जुनी नळी पूर्ण निकामी आहे असे धरून केलेला असावा. प्रत्येक तुकड्यातून कापलेल्या नमुन्याची प्रयोगशाळेत चाचणी व्हावी. काम झाल्यावर पुन्हा कॅमेरा फिरवून त्याची चित्रफीत मोजमाप पुस्तिकेसोबत जोडावी. आणि घरजोडणीच्या तोंडाशी अस्तर व जुनी नळी यांच्यातली फट बंद केलेली असावी. शेवटचा मुद्दा वगळला तर पावसाळ्यात भूजल त्याच फटीतून आत येते आणि अस्तराचा निम्मा उद्देश वाया जातो. तसेच पूर्ण तुकडा खराब नसून दोन-तीन सांधेच उघडले असतील, तर केवळ तेवढ्या जागी एक-दोन मीटरचे ठिगळी अस्तर देता येते, हे ठेकेदार आपणहून फारसे सांगत नाहीत.

जुनी नळी फोडत नवी ओढणे

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओतीव लोखंडाच्या जुन्या गॅसवाहिन्या बदलण्यासाठी ही पद्धत विकसित झाली. एका टोकाच्या खड्ड्यातून शंकूच्या आकाराचे डोके ओढले जाते, ते जुन्या नळीचे तुकडे करून बाजूच्या मातीत दाबते, आणि त्याच्या मागोमाग वितळसांध्यांनी, म्हणजे टोके वितळवून, जोडलेली एचडीपीई या टणक प्लास्टिकची अखंड नळी आत येते. व्यास तेवढाच किंवा एखाद्या मापाने मोठाही घेता येतो. विनाखोदाई पद्धतींत असे फार थोड्यांना जमते.

कागदावर ही पद्धत आदर्श दिसते. आपल्या गल्लीत ती घरजोडण्यांपाशी अडते. नळी फुटली की तिला जोडलेली प्रत्येक घरजोडणीही तुटते, आणि ती नव्या नळीला जोडण्यासाठी प्रत्येक ठिकाणी खड्डा घ्यावाच लागतो. शंभर मीटरमध्ये वीस जोडण्या म्हणजे वीस खड्डे आणि दोन टोकांचे दोन. एवढे खड्डे घेतल्यावर चर खोदला नाही असे म्हणण्यात तथ्य राहत नाही. गावठाणात, जिथे दर पाच मीटरला दार आहे, तिथे या पद्धतीचा आग्रह धरू नये. उलट दोन वस्त्यांना जोडणाऱ्या, मधे जोडण्या नसलेल्या रेषेत तिच्याइतकी चांगली पद्धत क्वचितच सापडते. शेजारी अर्ध्या मीटरवर दुसरी वाहिनी असेल किंवा नळी उथळ असेल तर दाबलेली माती ती वाहिनी फोडू शकते किंवा रस्ता वर उचलू शकते. जुनी नळी अॅस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर तिचे तुकडे कायमचे जमिनीत राहतात, हेही मंजुरीच्या टिपणीत लिहिले जावे.

आडवे ड्रिलिंग, आणि एक दृश्य

नदी, रेल्वे किंवा महामार्ग ओलांडण्यासाठी वापरले जाणारे दिशादर्शित आडवे ड्रिलिंग १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीखालून गॅसवाहिनी नेताना प्रथम सिद्ध झाले. आज आपल्या शहरांत ऑप्टिकल फायबर आणि गॅसच्या नळ्या मुख्यतः याच पद्धतीने जातात. आधी बारीक पथदर्शी छिद्र, मग ते रुंद करणे, मग नळी मागे ओढून घेणे, आणि या सगळ्यात छिद्र कोसळू नये म्हणून बेंटोनाइट या चिकणमातीचा पातळ गाळ. छिद्र नळीच्या साधारण दीडपट व्यासाचे लागते, म्हणून आपल्या नमुन्यात दोनशे घनमीटरांऐवजी सतरा-अठरा घनमीटरच माती निघेल. दाबाखाली वाहणाऱ्या पाण्यासाठी, केबलसाठी, गॅससाठी ही पद्धत उत्तम. पण उताराने वाहणाऱ्या मलवाहिनीसाठी ती सहसा घेऊ नये, कारण छिद्राचा मार्ग किंचित वर-खाली होतो आणि दोनशे मीटरला एक मीटर अशा मंद उतारात तेवढी चूकही पाणी थोपवायला पुरते. सलग काळ्या पाषाणात खास डोके लावून जाता येते, मात्र गोटे आणि माती मिसळलेल्या भरावात हे यंत्र चुकते व अडकते.

काही वर्षांपूर्वी एका शहरात सतत तुंबणाऱ्या मलवाहिनीत आम्ही रात्री अकरा वाजता कॅमेरा सोडला होता. रस्त्याच्या कडेला टेम्पोत ठेवलेल्या पडद्यावर मीटरचा आकडा पुढे सरकत होता. सांधे बरे होते, एका ठिकाणी पिंपळाची मुळे जाळ्यासारखी लोंबत होती. अठ्ठावीसाव्या मीटरला कॅमेरा थांबला. समोर, वाहिनीच्या ऐन मधोमध, एका भिंतीतून शिरून दुसऱ्या भिंतीतून बाहेर गेलेली केशरी प्लास्टिकची नळी होती, आणि तिच्यावर चिंध्या, केस, सॅनिटरी पॅड यांचा गठ्ठा अडकून बसला होता. कुणीतरी केबल टाकताना ड्रिल थेट मलवाहिनीच्या आरपार नेले होते, आणि वरचा रस्ता इतका अखंड राहिला होता की कोणाला कधी कळलेच नाही. त्या तुंबाऱ्यापायी तिथे कितीदा माणसे बोलावली गेली असतील, याचा विचार त्या रात्री मनातून गेला नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. विनाखोदाई पद्धत म्हणजे आपोआप निर्धोक, हा समज माझ्यापुरता त्या पडद्यासमोर संपला.

म्हणून ड्रिलिंगला परवानगी देणाऱ्याने दोन अटी घालाव्यात. कामाआधी भूभेदी रडार आणि केबलशोधक यंत्राने खालच्या वाहिन्यांची जागा निश्चित करावी आणि जिथे मार्ग छेदला जातो तिथे छोटा खड्डा घेऊन प्रत्यक्ष पाहावे. कामानंतर त्या मार्गाला छेदणाऱ्या प्रत्येक मलवाहिनीत ड्रिलिंग करणाऱ्याच्या खर्चाने कॅमेरा फिरवावा. खोदण्याआधी एकमेकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. त्यात आपल्या वाहिन्यांची माहिती भरणे हे नगरपरिषदेचेच काम आहे, आणि ती भरली नसेल तर दोष फक्त केबलवाल्याचा म्हणता येत नाही.

सूक्ष्म बोगद्याची, म्हणजे दूरनियंत्रित यंत्राने जमीन कोरत मागून नळ्या ढकलत नेण्याची, पद्धत इथे दोन वाक्यांत उरकतो. ती जपानमध्ये १९७० च्या दशकात पुढे आली, लेझरच्या मार्गदर्शनाने काही सेंटिमीटरच्या आत अचूक उतार साधते आणि मुंबईसारख्या शहरात पाच-सात मीटरखालच्या मोठ्या मलवाहिन्यांसाठी तिला पर्याय नाही. दोन मीटर खोलीवरच्या गल्लीतल्या नळीसाठी मात्र तिचा विचार करण्यात अर्थ नाही.

कार्बनचा हिशेब, जाहिरातीबाहेरचा

विनाखोदाई पद्धतीच्या माहितीपत्रकांत उत्सर्जन कितीतरी पटींनी कमी होते असे लिहिलेले असते. आपल्या शंभर मीटरवर ते ताडून पाहू. काळ्या मातीत ५० डंपर-फेऱ्या, प्रत्येकी जाऊन-येऊन २० किलोमीटर, लिटरला ३ किलोमीटर: साधारण ३३० लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर सुमारे ०.९ टन. आता नळीकडे पाहा. ३१५ मिलिमीटर बाह्य व्यासाची मध्यम जाडीची एचडीपीई नळी मीटरला १७ किलोच्या आसपास भरते, म्हणजे शंभर मीटरला १.७ टन प्लास्टिक, आणि किलोमागे दोन किलोहून थोडे अधिक उत्सर्जन धरले तर साडेतीन टनांवर जाते. रस्त्याखाली वापरली जाणारी एनपी-३ वर्गाची काँक्रीट नळी वजनाने सहापट भारी असूनही तिचा भार त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

म्हणजे मातीची वाहतूक हा मोठा वाटेकरी नाही, सामग्री आहे. त्यामुळे चर टाळला पण आत पूर्ण नवी जाड प्लास्टिक नळी ओढली, तर कार्बनची बचत बेताचीच होते. शेकडो किलो रेझिनचे पातळ अस्तर देऊन जुनी नळी वाचवली तर ती ठळक होते, आणि तीन सांध्यांना ठिगळ देऊन भागवले तर सर्वाधिक होते. विनाखोदाईचे निर्विवाद लाभ वेगळे आहेत: रस्त्याचे आयुष्य टिकते, झाडांची मुळे तुटत नाहीत, धूळ आणि राडारोडा होत नाही, वळवलेल्या वाहतुकीचे इंधन जळत नाही, दुकानदाराचा महिनाभराचा धंदा बुडत नाही, आणि मलपाणी जमिनीत झिरपायचे थांबते.

पिण्याच्या पाण्याची वाहिनी असेल तर

वरचा सगळा विचार मलवाहिनीचा आहे. पाणीपुरवठ्यात निकष बदलतात. खंडित पुरवठ्याच्या गावात नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते, म्हणून तिथे सांध्यांची संख्या कमी करणे हा सर्वांत मोठा लाभ असतो. आयएस ४९८४ नुसारची, वितळसांध्यांची एचडीपीई नळी तो देते. कराडजवळच्या मलकापूरने अशा जाळ्यावर आणि मीटरवर चोवीस तास पाणीपुरवठा उभा केला, ही आपल्याकडची परिचित गोष्ट आहे. या कामात कार्बनचा वाढीव भार मी डोळे झाकून पत्करेन. आतून अस्तराचा विचार मात्र पाण्याच्या संपर्कासाठी प्रमाणित रेझिन असल्याशिवाय करू नये.

मग नमुन्यातल्या गल्लीचे काय करावे?

कॅमेऱ्यात उतार ठीक, माथा झिजलेला, सांधे गळके असे दिसले, तर स्टायरिनविरहित अस्तर. पोट आलेले दिसले तर तेवढा तुकडा खोदून सरळ करावा आणि उरलेल्याला अस्तर द्यावे. दोन्ही पद्धती एकाच तुकड्यात वापरण्यास कोणतीही बंदी नाही, अडसर फक्त दरसूचीतल्या वेगवेगळ्या शीर्षांचा असतो. व्यासच अपुरा पडत असेल तर खोदाई, नीट आधार देऊन आणि नीट धुम्मस करून. आणि जर त्या रस्त्याचे पुढच्या वर्षी काँक्रिटीकरण ठरले असेल, तर खालच्या वाहिन्यांचे काम, कोणत्याही पद्धतीने का होईना, त्याआधीच उरकावे. सहा महिन्यांच्या काँक्रीट रस्त्याला कटर लावण्याइतकी अशाश्वत गोष्ट नगर अभियांत्रिकीत दुसरी नाही.

दराबाबत एक सूचना. अस्तराची यंत्रसामग्री पुण्या-मुंबईहून शंभर मीटरसाठी आणली तर प्रतिमीटर दर कधीच परवडणार नाही. वर्षभरातले दहा-पंधरा तुकडे एका निविदेत बांधावेत, किंवा शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदांनी मिळून काम काढावे. दर ताडताना खोदाईच्या बाजूला रस्ता पूर्ववत करणे, आधार, पाण्याचा उपसा आणि वाहतूक वळवणे हे सगळे धरावे, आणि अस्तराच्या बाजूला मलपाणी तात्पुरते वळवण्याचा पंप व आधीची साफसफाई. खोदाई पावसाळ्याचे चार महिने बहुधा बंदच असते; अस्तराचे काम पावसाने उघडीप दिली की करता येते, हाही हिशेबाचा भाग आहे.

कॅमेरा तपासणीची वर्कऑर्डर काढताना ती एका फेरीची काढू नये. एकदा मे महिन्यात, वाहिनी कोरडी असताना, म्हणजे भेगा, मुळे आणि झिजलेला माथा दिसेल. आणि एकदा ऑगस्टमध्ये, पहाटे चारच्या सुमाराला, जेव्हा घरांतून जवळजवळ काहीच पाणी येत नाही. त्या वेळी वाहिनीत जे स्वच्छ पाणी वाहताना दिसेल ते भूजल असते, आणि ते कोणत्या मीटरच्या सांध्यातून आत येते हे पडद्यावर बोट ठेवून सांगता येते. दुसऱ्या फेरीचा खर्च एका डंपरच्या आठवड्याच्या भाड्याहून फारसा अधिक येत नाही.